पायाकडचा नमुना

प्रिय बाबा,

हे पत्र तुमच्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवणार आहे. म्हणजे सकाळी पेपर उघडण्याआधी हेच हाताला लागेल. एका घरात राहून पत्र लिहिणं आपल्याला नवीन नाही. करवतीच्या खात्यात तुमचे कान गेल्यापासून ‘गॅस संपला’पासून ‘मी पहिल्या वर्गात पास झाले’पर्यंत सगळं आपण कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहूनच बोलतो. पण आज तेवढी जागा पुरणार नाही. आणि हे ओरडून सांगितलं तर आईला ऐकू जाईल, शिवाय भिंतीपलीकडच्या काकूंना, त्यांना तर न ओरडताही जातं. सावकाश वाचा. मधेच उठून आईला विचारायला जाऊ नका. मी दुपारच्या सुट्टीत लॅबच्या ओट्यावर बसून लिहितेय, म्हणून अक्षर असं.

गेले आठ दिवस आई विचारतेय की मी चमच्याने का जेवते. ऑफिसात बसून मॅडम झाली, असं तिने परवा ताईला फोनवर सांगितलंसुद्धा. खरं कारण असं की माझ्या बोटांना सडक्या अंड्याचा वास येतोय. साबण झाला, लिंबू झालं, राखसुद्धा लावून पाहिली. आता कदाचित वास गेलाही असेल, पण मला येतो. घास तोंडाजवळ नेला की हात परत ताटात जातो. हा वास कुठून आला ते सांगते, कारण तिथूनच सगळं सुरू झालं.

मागच्या सोमवारी गोणपाटात गुंडाळलेला एक क्रेनचा हूक लॅबमध्ये आला. आपल्याच कारखान्यात ओतलेलं पोलाद, आपल्याच शेजारच्या खात्यात घडवलेला. एका गोदामात यंत्राची पेटी उचलताना तो मानेतच तुटला. खाली उभा असलेला हमाल दोन मिनिटांपूर्वी पाणी प्यायला बाजूला गेला होता, म्हणून वाचला. हूक घेऊन आलेला ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, त्या माणसाला तहान लागली नसती तर मी हा हूक घेऊन आलो नसतो, पोलीस आले असते.” मऊसाहेब मागेच उभे होते. ते म्हणाले, “जास्त वजन उचललं असणार. तसंच लिहून टाका, संध्याकाळपर्यंत द्या.” तुम्ही त्यांना ओळखताच, आता लॅबही त्यांच्याच हाताखाली आहे. नाव तुम्हीच पाडलंय म्हणे त्यांचं. बोलताना आवाज कधी चढत नाही, पेन्सिलीने कान कोरतात आणि तीच पेन्सिल विचार करताना तोंडात धरतात. त्याच पेन्सिलीने त्यांनी माझ्या कागदावर ‘जास्त वजन’ असं लिहून दिलं.

मी तसं लिहिलं नाही. हुकाची मान उभी कापली, पॉलिश केली आणि तिच्यावर आम्लात भिजवलेला फोटोचा कागद दाबून ठेवला. पोलादात जिथे गंधक असेल तिथे कागद तपकिरी होतो आणि तो सडका वास सुटतो. चांगल्या पोलादाचा ठसा फिक्या चहाच्या रंगाचा येतो, सगळीकडे सारखा. मी कागद उचलला तर मधोमध, वरपासून खालपर्यंत, काळपट रेघ. केळं आतून नासतं ना, साल पिवळीधमक आणि आत काळी दोरी, अगदी तसं. वास तर असा सुटला की लॅबमधला मदतनीस नाकाला रुमाल लावून बाहेर पळाला. मी तिथेच उभी राहिले. कारण त्या ओतीचं ‘उत्तम’ म्हणून प्रमाणपत्र लॅबमधून गेलं होतं. सही माझी होती.

बाबा, हे कसं होतं ते मी कॉलेजात शिकले. तुम्ही तीस वर्षं ते हाताने केलंत, पण कुणी तुम्हाला कारण सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून लिहिते. लहानपणी ताई आणि मी पेल्यात सरबत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचो, आठवतं? कडेचा बर्फ पांढरा आणि बेचव निघायचा, आणि मधोमध सगळी साखर आणि रंग गोळा व्हायचा. मी कडेचं चाटून ताईला द्यायचे आणि मधलं स्वतः खायचे. पोलादाचंही तसंच आहे. साच्याच्या थंड भिंतीला लागून जे आधी गोठतं ते स्वच्छ असतं. गोठताना ते गंधक, फॉस्फरस, जादा कार्बन सगळं उरलेल्या रसात ढकलतं. तो रस जसजसा कमी होतो तसतसा घाण होत जातो, आणि सगळ्यात शेवटी जे गोठतं, म्हणजे ठोकळ्याचा मधला भाग आणि त्यातही वरचं डोकं, तिथे ती सगळी घाण साठते. पाय आणि साल मात्र चकाचक. यात कुणाची चूक नाही. जगातल्या कुठल्याही भट्टीत असंच होणार. म्हणून तर डोकं कापून परत भट्टीत टाकायचं असतं. डोकं पुरेसं कापलं तर उरलेला ठोकळा चांगला. कमी कापलं तर नासकी दोरी आत राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मग तपासणीत का दिसलं नाही, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडायला हवा होता. पडला मंगळवारी. माझ्याकडे खालून एका पुडीत ड्रिलचा कीस येतो, वर ओतीचा नंबर. मी तो विरघळवते, मोजते, आकडे लिहिते, सही करते. अकरा महिने हेच केलं. पुडी कुठून येते हे बघायला एकदाही खाली गेले नाही. घरातली पहिली पदवीधर मी, पांढरा कोट घालून वर बसले, आणि समोर ठेवलेलं तोलत राहिले. मंगळवारी खाली गेले. तुमच्या जागी आता जो करवतीवर आहे, ज्याला सगळे तुमचा शिष्य म्हणतात, तो ड्रिल घेऊन ठोकळ्याच्या पायाशी उकिडवा बसला होता. सालीपासून दोन बोटं आत भोक पाडलं, कीस पुडीत भरला, माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, “इथूनच घेता नेहमी?” तो म्हणाला, “ताई, पाया पडल्याशिवाय आशीर्वाद मिळतो का?” आजूबाजूचे सगळे खो खो हसले. मग कळलं की या प्रकाराला खात्यात ‘पाया पडणं’ म्हणतात. जुना विनोद आहे. मी सोडून सगळ्यांना माहीत होता.

“कुणी शिकवलं?” मी विचारलं. त्याने कानाच्या पाळीला हात लावला. “वस्तादांनी. तुमच्या बाबांनी. त्यांच्या हातचा नमुना तीस वर्षांत नापास झाला नाही, ताई.”

बाबा, हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. आपल्याकडे कुणीही आलं की आई दुसऱ्या वाक्याला हे सांगते. शाळेत ‘माझे वडील’ या निबंधात मी हे लिहिलं होतं आणि बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता. धातूचं शिक्षण घ्यायचं मी ठरवलं तेसुद्धा यामुळेच. मला वाटायचं, तुमच्या हाताला काहीतरी कळतं, ते काय असतं हे मला पुस्तकात शोधायचंय. आणि सापडलं काय, तर भोक कुठे पाडायचं. त्या दिवशी मी जिन्यावर बसून राहिले. 

तरी मी तुमची बाजू घेतली. मनातल्या मनात वकील होऊन. म्हटलं, नमुना पायाचा घेतला असेल, पण बाबांनी डोकं कधी कमी कापलं नसेल. मग नमुन्याने काय बिघडलं? शिष्याला विचारलं, खडूची खूण कुठे करतोस. “एक वीत आणि चार बोटं,” तो म्हणाला, “वस्तादांचं माप.” आणि त्याने ठोकळ्याच्या माथ्यावरून वीत टाकून दाखवली. बाबा, तुम्ही त्याचा हात पाहिलाय का नीट? बुटका माणूस, मुलीसारखी बोटं. मी पोलादी पट्टी लावली. पंचवीस सेंटिमीटर. नियमाप्रमाणे बत्तीस हवेत. त्याला मी पुन्हा विचारलं, पट्टीने का नाही मोजत? तर तो दुखावला. “वस्तादांनी पट्टी कधी वापरली नाही.” जणू मी त्याला देव बदल म्हटलं.

रविवारी दुपारी तुम्ही खिडकीशी आडवे झाला होतात, उजवा हात चटईवर पालथा. मी पट्टी घेऊन आले, तुमची बोटं हलकेच फाकवली आणि मोजलं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत चोवीस, आणि चार बोटं आठ. बत्तीस. नेमके. मला रडू आलं, आनंदाने. तुमच्या हाताने कापलेला प्रत्येक ठोकळा चांगला होता. तुम्ही डोळे उघडले नाहीत. पण आता वाटतं, तुम्ही जागे होतात. झोपलेल्या माणसाचा हात इतका कडक नसतो.

म्हणजे झालं असं. तुमचं माप बरोबर होतं, पण ते तुमच्या हाताचं होतं. तुम्ही निवृत्त झालात, माप दिलंत, हात तर देता येत नाही. चार वर्षं प्रत्येक ठोकळ्याला सात सेंटिमीटर घाण शिल्लक राहिली. मधोमध एकदा जरी ड्रिल मारलं असतं तरी पहिल्या आठवड्यात हे कळलं असतं. पण नमुना पायाचा. पाय तर चकाचकच असतो. एका ठोकळ्यातून चार हूक होतात, त्यातला डोक्याकडचा एक नासका. बाकी तीन ठीक. कुठला तो, हे बाहेरून सांगता येत नाही, कारण घडवताना त्यांच्यावर नंबर पाडत नाहीत. असे चारशेच्या वर हूक आज कुठे कुठे टांगलेले आहेत. गोदामांत, बांधकामांवर, कुणाच्या तरी डोक्यावर. सगळे उतरवून तपासल्याशिवाय गत्यंतर नाही.

हे सगळं मी काल, सोमवारी सकाळी, मऊसाहेबांना सांगितलं. ठसे टेबलावर मांडले. त्यांनी एक उचलला, नाकापाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “बेटा, धातू आहे. थोडं इकडे थोडं तिकडे असणारच. निसर्ग आहे तो.” मी म्हटलं, निसर्ग आहे म्हणूनच डोकं कापतात ना साहेब. ते म्हणाले, “करारात लिहिलंय, नमुना कापलेल्या ठोकळ्यातून घ्यायचा. घेतोय. कुठून, ते लिहिलेलं नाही.” आणि हसले. म्हणजे त्यांना माहीत होतं, बाबा. विनोद सगळ्यांना माहीत होता आणि त्यांनाही. मी विचारलं, आणि उरलेले हूक? तर पेन्सिल तोंडातून काढून म्हणाले, “एकच तुटलाय. चारशेची काळजी करत बसलीस तर लग्न कधी करशील?” त्या पेन्सिलीला लागलेली थुंकी दिव्याखाली चमकत होती. मला या माणसाची जितकी किळस आली तितकी त्या वासाचीही आली नव्हती.

पण खरं सांगू? नुसती त्यांची किळस असती तर सोपं होतं. अशी माणसं असतात हे मला माहीत होतं, पुस्तकातही असतात. मला किळस येते ती खो खो हसण्याची. शंभर माणसं रोज डबा उघडून एकमेकांना लोणचं वाढतात, एकाचं मूल आजारी पडलं तर दहाजण रजा टाकतात, भली माणसं सगळी. आणि त्यातल्या एकालाही वाटलं नाही की ज्या पोलादाखाली कुणीतरी उभं राहणार आहे त्याच्या तपासणीचा विनोद करू नये. आणि मला किळस येते माझ्या सदतीस सह्यांची. मी मोजल्या. वळणदार, शेवटी ठिपका. पदवीच्या कागदावरही तीच सही आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मघाशी, जेवणाच्या सुट्टीआधी, मऊसाहेबांनी मला बोलावलं. उद्या, म्हणजे तुम्ही हे वाचाल त्याच दिवशी, अकरा वाजता हूक घेणाऱ्यांचा तपासनीस येतोय. त्याला दाखवायचा एक कागद त्यांच्या टेबलावर होता. त्यांनीच तो माझ्याकडे फिरवला, अगदी प्रेमाने. त्यात लिहिलंय की तुमच्या पूर्ण नोकरीत नमुना नेहमी ठोकळ्याच्या मधोमध घेतला जाई, डोकं पट्टीने मोजून कापलं जाई, आणि तुमच्या मागून आलेल्या माणसाला तुम्ही हेच शिकवलं होतं. खाली तुमची सही. म्हणजे जे बिघडलं ते एकट्या शिष्याने त्या एका ओतीत बिघडवलं, त्याला घरी बसवलं की प्रकरण संपलं, आणि चारशे हूक जिथे आहेत तिथे. “काल संध्याकाळी तू लॅबमध्ये असताना मीच घरी गेलो होतो,” मऊसाहेब म्हणाले, “तुला कायम करण्याचं पत्र या महिन्यात निघतंय, हे ऐकून, म्हणजे वाचून, फार आनंद झाला त्यांना.” बाबा, तुम्ही दुधाच्या कार्डावरसुद्धा पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाही. त्यामुळे तुम्हाला कळलं नाही असं मी स्वतःला सांगू शकत नाही. आणि हे तुझ्यासाठी केलं असं कृपा करून म्हणू नका. ज्या माणसाने तुमचं माप देवासारखं जपलं त्याला माझ्या नोकरीसाठी खाली ढकलायचं, आणि त्यावर मी पांढरा कोट घालून वर बसायचं, हे मला गिळता येणार नाही. तुम्ही पायाकडून नमुना घेतलात ते भीतीने घेतलं असेल, कुणीतरी साहेबाने सांगितलं असेल. ते मी समजून घेईन, मला वेळ लागेल पण घेईन. हा कागद नाही. उद्या अकरा वाजता मी तपासनिसापुढे ठसे ठेवणार आहे आणि सांगणार आहे की सही माझ्या वडिलांची आहे आणि मजकूर खोटा आहे. हे तुमच्या पाठीमागे बोलायला नको, म्हणून हे पत्र. तुम्ही येऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलंत तर मला ते वाक्य बोलावं लागणार नाही. नाही आलात तर मी बोलेन, आणि संध्याकाळी घरी येईन, आणि आपण एकमेकांकडे कसं बघायचं ते तेव्हा बघू. दहाची बस पकडलीत तर वेळेत पोहोचाल. गेटवरच्या पहारेकऱ्याला मी सांगून ठेवलंय की उद्या वस्ताद येणार आहेत.

काहीही झालं तरी तुमचीच,
धाकटी